पेटीवाटेचा पुरावा

ऑलरशॉ, ७ जानेवारी २०२३

नॉर्मन,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच नॉर्मन. फोन केला की तू माझा आवाज ओळखून ठेवून देतोस. परवा थेल्माने उचलला, आणि मागून तुझं 'मी गोठ्यात आहे म्हणून सांग' मला स्वच्छ ऐकू आलं. सत्तरीच्या माणसाने बायकोकरवी खोटं बोलवावं, हे शोभतं का तुला? ती बिचारी अडखळली. म्हणाली, "बेरिल, तो... गोठ्यात आहे म्हणे." म्हणून आता पत्र. दोन मैलांवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला तिकीट लावून पत्र पाठवणारी मी या गावातली पहिलीच असेन.

कामाचं सांगते. आमच्या इतिहास मंडळाने पेटीवाट सरकारी नकाशावर सार्वजनिक पायवाट म्हणून लावून घेण्यासाठी काउंटीच्या कचेरीकडे अर्ज करायचं ठरवलं आहे. खरं तर मीच ठरवलं आहे. बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या आणि ऑब्रीने आणखी एक बिस्किट घेतलं. ऑब्री म्हणजे शाळेत भूगोल शिकवायचा तो. तुला एकदा नकाशावर पेनाइन डोंगर दाखवता आले नाहीत म्हणून त्याने वर्गाबाहेर उभं केलं होतं. तो अजूनही सगळ्यांना वर्गाबाहेर उभं करायच्या तयारीत असतो.

वाट तुला काय सांगायची. गावाच्या टोकापासून तुझ्या शेतातून, तुझ्या तीन फाटकांतून, माळावरच्या चॅपलच्या दफनभूमीपर्यंत, जेमतेम अर्धा मैल. चॅपल बांधलं तेव्हापासून मोटारगाड्या येईपर्यंत गावातली मयतं त्याच वाटेने खांद्यावर गेली. फाटकातून परत फिरलं ते एकच, आपल्या आईचं.

नऊ वर्षं मी हे लिहिलं नाही, आज लिहिते. तू पहिल्या फाटकात काळा कोट घालून उभा होतास आणि तुझ्या हातात कुलूप होतं. सहा माणसांच्या खांद्यावर आई थांबली होती. तू म्हणालास, "शेतातून एकदा मयत गेलं की वाट सगळ्यांची होते. बाबांनी सांगून ठेवलंय." मग त्या सहा जणांनी शवपेटी वळवली, पुन्हा गाडीत ठेवली आणि आई सिमेंटच्या कारखान्यावरून चार मैलांचा वळसा घालून गेली. तिने मरताना एवढंच मागितलं होतं की मला शेतातून न्या.

आता नीट ऐक. मयत गेल्याने वाट सार्वजनिक होते, असं इंग्लंडच्या एकाही कायद्यात लिहिलेलं नाही. मी शोधलं. म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी एकमेकांच्या कानात सांगितलेली ती एक भीती आहे, बस. शिडीखालून गेलं की अपशकुन होतो म्हणणाऱ्यांच्या रांगेतली. असल्या गोष्टीपायी तू आईला परत फिरवलंस.

आईशेजारची जागा माझी आहे. तिचा कागद माझ्या कपाटात आहे. माझ्या नवऱ्याची, स्टॅनची, राख त्याच्या इच्छेप्रमाणे तलावात माशांना मिळाली, त्यामुळे तिकडून माझ्यासाठी जागा राखायचा प्रश्नच नाही. माझी वेळ येईल तेव्हा मला त्या वाटेने जायचं आहे, खांद्यावर, शेतातून. आणि तुझ्या मेहरबानीने नको, हक्काने. एवढंच.

बेरिल


२९ जानेवारी

नॉर्मन,

तुझं उत्तर मिळालं. खत विकणाऱ्यांच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान फाडून त्यावर 'शेत माझं आहे. नॉ.' एवढं लिहिण्याचे तुला किती कष्ट पडले असतील.

इकडे मात्र माझ्या नाकी नऊ आले आहेत. लोकांना वाटतं, इतिहास आता कॉम्प्युटरवर आहे म्हणजे बटण दाबलं की इतिहास. आमचं वाचनालय सोमवारी आणि गुरुवारी सकाळीच उघडं असतं. तीन कॉम्प्युटर, त्यातल्या एकाचा माऊस फक्त वर-खाली जातो. जुनी वर्तमानपत्रं तिथे फुकट वाचता येतात, म्हणून मी आणि ऑब्री दार उघडायच्या आधीच पायरीवर उभे असतो. ती वर्तमानपत्रं माणसाने नाही, यंत्राने वाचून ठेवली आहेत. मी 'ऑलरशॉ' टाकलं. चारशे बारा निकाल. पहिले तीनशे कुत्र्यांच्या पट्ट्यांच्या जाहिराती. ऑब्री म्हणाला, "शांतपणे बघ, बेरिल. संशोधनाला संयम लागतो." आणि स्वतः मागे बसून पेपरमिंट चघळत होता.

पणजीचं तर विचारूच नकोस. कुणा कॅनडातल्या गृहस्थाने आपल्या घराण्याचा वृक्ष इंटरनेटवर लावला आहे. त्यात पणजी जन्मली १९०१ साली आणि तिला पहिलं मूल झालं १८७४ साली. मी त्याला सभ्य शब्दांत लिहिलं. त्याचं उत्तर आलं, 'आणखी सेहेचाळीस वृक्षांत हेच आहे.' अरे बाबा, त्या सेहेचाळिसांनी तुझंच उतरवलंय ना! ही माणसं पूर्वज गोळा करतात तशी लहानपणी तू काड्यापेटीची चित्रं गोळा करायचास. निदान तुला पणजी कोण आणि पणतू कोण हे कळायचं.

पण एक गोष्ट मिळाली. स्कॉटलंडच्या ग्रंथालयाने सगळे जुने नकाशे स्कॅन करून ठेवलेत. आजचा वरून काढलेला फोटो खाली आणि जुना नकाशा वर, अशी रचना असते, आणि बोटाने सरकवलं की एकातून दुसरं दिसू लागतं. मी सरकवलं. तुझा नवा पत्र्याचा गोठा हळूहळू विरघळला आणि त्याखालून ठिपक्याठिपक्यांची पेटीवाट वर आली. १८७९ मध्ये आहे, १८९९ मध्ये आहे, १९२२ मध्येही आहे. तिन्ही फाटकं जागच्या जागी. मला भर वाचनालयात रडू आलं आणि ऑब्रीने मला त्याचा न धुतलेला रुमाल दिला.

मग नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ दिसली. नकाशात वाट दाखवली आहे म्हणजे तिथून जाण्याचा कुणाला हक्क आहे असं समजू नये. मी कपाळाला हात लावला. वाट आहे, पण ती आहे असं समजू नये. या देशात नकाशासुद्धा वकिलाला विचारून काढतात.

१८८१च्या जनगणनेत जरा बरं निघालं. मोजणीवाल्याने पहिल्या पानावर आपण कसे कसे फिरलो ते लिहिलंय: 'चॅपलपासून पेटीवाटेने टनिक्लिफच्या शेतापर्यंत'. म्हणजे सरकारचा माणूस आपल्या शेतापर्यंत राजरोस त्या वाटेने चालला होता. ऑब्रीने त्या पानाच्या सहा प्रती काढल्या. सहा कशाला, हे त्यालाच ठाऊक.

बेरिल


१९ फेब्रुवारी

नॉर्मन,

अर्ज गेला. काउंटीचं उत्तर आठ दिवसांत आलं, म्हणून मी खूश झाले. उघडलं तर त्यात लिहिलेलं की तुमचा अर्ज मिळाला, रांगेतला क्रमांक एकशे सत्त्याऐंशी, सध्याच्या गतीने विचारात घ्यायला अंदाजे अकरा वर्षं लागतील. खाली सही करणाऱ्या बाईंनी आपुलकीने लिहिलंय, 'आपल्या संयमाबद्दल आभार.' मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. माझ्याकडे संयम आहे हे यांना कुणी सांगितलं?

आणि तू काय केलंस तर फाटकावर पाटी ठोकलीस, 'खाजगी. वाट नाही.' ताजा पांढरा रंग, ओघळसुद्धा पुसले नाहीस. चल, निदान रंगाचं काम तरी कुणाकडून करून घेतलं नाहीस.

थेल्मा दुकानात भेटली. मी तिला विचारलं, "हा माणूस घरात तरी बोलतो का गं?"

ती म्हणाली, "मेंढ्यांशी बोलतो. माझ्याशी बोलला तर मी घाबरते, काही झालं की काय म्हणून." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "बेरिल, तुला आईकडे जायचं असेल तर तो शेतातून गाडीने नेईल. फक्त तू विचार."

"मी विचारायचं?"

"तू मोठी आहेस ना."

"म्हणूनच नाही विचारायचं. माझ्या आईच्या थडग्यावर जायला मी धाकट्या भावाची परवानगी काढू? आणि ऐक, परवानगी घेऊन गेलं तर कायद्यात ते हक्काचं जाणं धरत नाहीत. एकदा 'जाऊ का' म्हटलं की अर्ज बुडाला."

थेल्माने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चहात मीठ घालून पीत होते. म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच साच्यातली." हे मला अजिबात आवडलेलं नाही, आणि तुलाही आवडणार नाही.

तिने तुला आणखी एक सांगितलं असेल तर लक्ष देऊ नकोस. तिने मला मंगळवारी शहरात इस्पितळाच्या थांब्यावर बसमधून उतरताना पाहिलं. पोटाची किरकोळ तक्रार आहे. आपल्या घरात सगळ्यांचीच पोटं नाजूक.

हाडं दुखत नाहीत तोवर मी वाचनालयात जाणार. अकरा वर्षं तर अकरा वर्षं.

बेरिल


१२ मार्च

नॉर्मन,

आज मी तुझ्यावर नाही, बाबांवर चिडले आहे, तेव्हा निश्चिंतपणे वाच.

१९५१ साली सरकारने प्रत्येक गावाला सांगितलं होतं की आपापल्या पायवाटा चालून बघा आणि एकेका वाटेचं कार्ड भरून द्या. त्या कार्डांवरूनच आजचा सरकारी नकाशा झाला. काउंटीने गेल्या वर्षी ती सगळी कार्डं स्कॅन करून वेबसाइटवर टाकली. टाकली म्हणजे कशी? कार्डं आडवी, उभी, उलटी. आपल्या गावाची कार्डं दुसऱ्याच गावाच्या नावाखाली. ती सापडायला मला चार गुरुवार लागले. मान तिरकी करून करून मी आता कोंबडीसारखी बघते.

वाट क्रमांक नऊ. वर लिहिलंय: 'पेटीवाट, गावापासून चॅपलपर्यंत, तीन फाटकं, सर्वांच्या नेहमीच्या वापरात.' अक्षर बाबांचं. ते टोकदार, उजवीकडे पळणारं अक्षर, शाळेच्या दाखल्यांवरचं. आणि त्यावर त्याच शाईने एक आडवी रेघ. बाजूला, 'मालकाची हरकत.' खाली सही, गाव समितीतर्फे, ए. टनिक्लिफ.

मालक कोण? ए. टनिक्लिफ. म्हणजे बाबांनी समितीचे सभासद म्हणून वाट लिहिली, मालक म्हणून हरकत घेतली, पुन्हा सभासद म्हणून ती मान्य केली आणि घरी येऊन चहा प्यायले. मला आठवतं, ते आपल्याला प्रामाणिकपणावर व्याख्यान द्यायचे. तू एकदा शेजाऱ्याच्या झाडाचं नासपती खाल्लंस तर तुला त्याच्या दारात उभं राहून कबूल करायला लावलं होतं. मी स्क्रीनसमोर बसून मोठ्याने 'वा बाबा' म्हणाले, आणि वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "मिसेस हीथकोट, जरा हळू."

पण अर्जाला याने केवढा जोर आलाय बघ. मालकानेच स्वतःच्या हाताने 'सर्वांच्या नेहमीच्या वापरात' असं लिहिलंय. रेघ मारली तरी वाचता येतं. ऑब्री एवढा हरखला की पुढच्या बैठकीला टाय घालून आला. म्हणाला, "बेरिल, हे निर्णायक आहे. आता फक्त एखादा जुना अंत्यविधी वर्तमानपत्रात सापडला, लोक त्या वाटेने बेधडक गेले असा, की झालं."

तेच शोधते आहे. तू मात्र माझ्याशी बोलू नकोस. सवय मोडेल.

बेरिल


२ एप्रिल

नॉर्मन,

अंत्यविधी सापडला. मला हवा तो नाही. तुझ्या फायद्याचा आहे, माझ्या नाही. काय सापडलं ते मी तुला सांगणार नाही, आणि सांगणार नाही हे सांगायला पत्र का लिहिते आहे हे मलाही कळत नाही.

ऑब्रीला दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "हे आपण पाहिलेलं नाही."

मी म्हटलं, "दोघांनी पाहिलंय."

"चारशे बारा निकालांत कुणाला सापडणार आहे? काउंटीकडे पाठवायलाच हवं असं थोडंच आहे?"

"ऑब्री, तू चाळीस वर्षं पोरांना उत्तरं चोरू नका म्हणून शिकवलंस."

"तो भूगोल होता," तो म्हणाला.

मी घरी आले आणि ते पान चहाच्या डब्याखाली ठेवलं. तीन दिवस चहा केला की ते दिसायचं. बाबांनी रेघ मारली म्हणून मी गेल्या पत्रात एवढा आरडाओरडा केला. आता मीही तेच करावं, फक्त शाई न वापरता?

आणखी एक. थेल्माने तुला सांगितलंच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही, आणि माझ्या पोटात जे आहे ते किरकोळ नाही. डॉक्टर तरुण पोरगी आहे, सरळ बोलली, मला आवडलं. तुमचं गवत कापणीला येईल तोवर, असं तिने म्हटलं नाही, ते मी म्हणते. ती 'उन्हाळ्यापर्यंत' म्हणाली. फुलं घेऊन येऊ नकोस. तू फुलं आणलीस तर मला वाटेल की खरंच संपलं.

तर हिशेब सोपा आहे. काउंटी मागते अकरा वर्षं. माझ्याकडे आहेत दोन-तीन महिने. ते पान पाठवलं काय न पाठवलं काय, मला काही ती वाट हक्काने मिळत नाही. मग ते लपवून मी कुणासाठी जिंकायचं? मला राग येतो रे. कोणावर काढू, तेही कळत नाही. तू जवळ होतास म्हणून तुझ्यावर काढते.

बेरिल


९ एप्रिल, ईस्टरचा रविवार

नॉर्मन,

त्या पानाची नक्कल सोबत आहे. एक काउंटीला पाठवली, एक तुला. ऑब्रीने मंडळाचा राजीनामा दिला आहे. तो दर ईस्टरला देतो, म्हणून फार मनावर घेतलेलं नाही.

छपाई बारीक आहे आणि तू चष्मा लावणार नाहीस, म्हणून सांगते. मार्च १८९३. खाणीत मेलेल्या एका माणसाची पेटी पलीकडच्या गावचे लोक घेऊन आले होते. पहिल्या फाटकाशी आपला खापरपणजोबा जोसाया टनिक्लिफ उभा होता. त्याने हात वर केला. त्या लोकांना वाटलं, अडवतोय. आवाज चढले. मग आपल्या गावातली एक बाई पुढे आली, तिने शालीची टाचणी काढली आणि फाटकाच्या खांबात खुपसली. जोसायाने टोपी काढली आणि फाटक उघडलं. दुसऱ्या फाटकाला दुसरी टाचणी, तिसऱ्याला तिसरी. बातमीत लिहिलंय की आठवत नाही तेव्हापासून इथला हा रिवाज आहे. मयत नेणाऱ्यांनी प्रत्येक फाटकाला एक टाचणी द्यायची, म्हणजे आम्ही शेताच्या परवानगीने जातो आहोत असं मान्य केल्यासारखं होतं, आणि वाट शेताचीच राहते. पाद्रीबुवांना हा प्रकार रानटी वाटला म्हणून त्यांनी तक्रार केली होती, त्यावरून ही बातमी. जोसायाचं म्हणणंही छापलंय: 'टाचणी लावा आणि खुशाल या. मेलेल्या माणसाला या शेताने अडवलेलं नाही, अडवणार नाही.'

कळलं? बाबांना अर्धीच गोष्ट आठवत होती. मयत गेलं की वाट जाते, एवढी भीती त्यांनी तुला दिली. तिच्यावरचा उतारा द्यायला विसरले. किंवा त्यांना कुणी सांगितलाच नाही. आई फाटकाशी थांबली होती तेव्हा तिथल्या सहा जणींच्या कोटांना टाचण्या होत्या, माझ्या टोपीला दोन होत्या. कुणालाही माहीत नव्हतं. नऊ वर्षं आपण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, आणि ते एका टाचणीने भागलं असतं. मी हे वाचलं तेव्हा मला तुझी कीव आली नाही, रडूही आलं नाही. मी वाचनालयाचं टेबल बडवलं.

अर्जाचं व्हायचं ते झालं. परवानगीने जात होते म्हणजे हक्क नव्हता. या कागदापुढे बाबांचं कार्ड टिकायचं नाही. शेत तुझं आहे, वाटही तुझी आहे. तू कॅलेंडरच्या पानावर लिहिलं होतंस तेच खरं निघालं, आणि ते सिद्ध करायला मी हाडं झिजवली. हसू नकोस.

आता जे मी कधी करणार नव्हते ते करते. पाकिटात तीन टाचण्या आहेत. शिवणाच्या डब्यातल्या, साध्या. एका फाटकाला एक. वेळ आली की त्या तुझ्या हाताने लाव आणि मला जाऊ दे. मी परवानगी मागते आहे, नॉर्मन. नीट वाच, कारण दुसऱ्यांदा मागणार नाही.

तुझी बहीण,
बेरिल


टनिक्लिफचं शेत, १४ एप्रिल

बेरिल,

मला लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. थेल्मा म्हणाली, कॅलेंडरच्या पानावर लिहिलंस तर जेवायला देणार नाही. म्हणून कागद घेतलाय.

बातमी वाचली. चष्मा लावून. पहिल्या दोन फाटकांचे खांब मी बदलले होते, लोखंडी केले. तिसऱ्याचा जुना ओकचा आहे. जाऊन पाहिलं. वाऱ्याच्या बाजूने काही नाही. मागच्या बाजूला, हात फिरवला की लागतात. गंजलेली बारीक डोकी. खूप आहेत. पोरवयात मी त्यावर हात खरचटून घेतला होता तेव्हा बाबा म्हणाले होते की खिळे आहेत.

तुझ्या टाचण्या परत पाठवतोय. त्या परक्या लोकांसाठी होत्या. तू या घरात जन्मलीस. तुला कसली परवानगी?

आणि आई. आई त्या शेतात एक्कावन्न वर्षं राबली. तिची पेटी तिच्याच शेतातून गेली असती तर वाट कुणाचीही झाली नसती. घरचं माणूस घरातून गेलं, एवढंच. त्यासाठी टाचणीसुद्धा लागली नसती. हे मला आज कळलेलं नाही. त्याच दिवशी संध्याकाळी गाई आत घेताना कळलं. मी तिथेच बादलीवर बसलो. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे येणार होतो. मग तिसऱ्या दिवशी. मग तू फोन केलास आणि ओरडलीस, आणि मला वाटलं, आता काय सांगायचं. त्यानंतर तुझा फोन आला की मला तेच सांगावं लागेल म्हणून मी ठेवून द्यायचो.

पाटी काढली. कुलूपही. किल्ली विहिरीत टाकली, म्हणजे थेल्माचा विश्वास बसेल.

पेटीला सहा जण लागतात. पुढचा उजवा मी. बाकीचे पाच मी बघेन, ऑब्री नको, तो बुटका आहे, पेटी कलेल.

पण ते नंतर. बुधवारी हवा कोरडी राहील असं वाटतं. मी दहाला पहिल्या फाटकाशी येतो. आईकडे जाऊ. चालवेल तेवढं चाल, उरलेलं मी बघतो.

नॉर्मन